सबस्क्रिप्शन खरोखर बंद कसं करायचं, आणि त्याआधी खोटं दुकान कसं ओळखायचं

पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट खरी, हा सल्ला अजूनही जो तो देतो. तो सोडून द्या. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमची माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही. पलीकडे भामटा बसला असेल तर ती त्याच्याकडे अगदी सुखरूप पोहोचते.

त्यापेक्षा पत्ता वाचा. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या (/) लगेच आधी जे नाव येतं, तो साइटचा खरा मालक. ‘ओळखीचंदुकान.कॉम.महासेल.शॉप’ यात दुकान ‘महासेल.शॉप’चं आहे, त्याच्या आधीचं सगळं सजावट.

पैसे कार्डाने द्या. माल आला नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कापलेले पैसे परत, मागता येतो. थेट खात्यात पैसे मागणाऱ्या अनोळखी दुकानातून काही घेऊ नका.

आता सबस्क्रिप्शन. माणसं खरी अडकतात ती इथे, कारण ‘फ्री ट्रायल’ला कार्ड दिलं की मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले जातात. अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन संपलं, असं अजिबात समजू नका. अ‍ॅप जातं, वसुली चालूच राहते. कार्ड बदलण्यावरही विसंबू नका: व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांकडेही नव्या कार्डाचा तपशील व्यापाऱ्याला पोहोचवणारी सोय आहे, त्यामुळे जुनी वर्गणी नव्या कार्डावर येऊ शकते.

म्हणून पैसे जिथून सुरू झाले तिथेच जाऊन ते थांबवायचे. आयफोनवरून घेतलं असेल तर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप करून ‘सबस्क्रिप्शन्स’ उघडा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टॅप केलं की ‘पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स’ मिळतं. वेबसाइटवरून घेतलं असेल तर या दोन्ही ठिकाणी ते दिसणारच नाही. त्या साइटच्या अकाउंटमध्येच शोधावं लागेल.

तिथे ‘रद्द करा’ दाबल्यावर खरी कसोटी लागते. ‘अर्ध्या किमतीत राहा’, ‘तूर्त थांबवा’, ‘तुमचे फायदे जातील’ असे पडदे एकामागून एक येतात आणि मोठं रंगीत बटण नेहमी ‘राहतो’चंच असतं. फिकट अक्षरांतलं बटण शोधा आणि रद्द झाल्याचा संदेश दिसेपर्यंत खिडकी बंद करू नका. ‘तूर्त थांबवा’ तर मुळीच स्वीकारू नका, थांबलेली वर्गणी पुन्हा सुरू होते. संदेशाचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, ईमेल जपून ठेवा. पुढच्या स्टेटमेंटवर तरीही रक्कम दिसली तर हेच पुरावे जोडून लगेच बँकेत तक्रार करा. हरकत घ्यायला मुदत असते.

ट्रायल मी घेतल्या दिवशीच रद्द करतो. बहुतेक ठिकाणी उरलेले दिवस तरीही वापरता येतात, आणि अ‍ॅपल तर ट्रायल संपायच्या किमान २४ तास आधी रद्द करायला सांगतं.

फसवणूक झाल्यावर ‘फी भरा, पैसे परत मिळवून देतो’ असा फोन आला, तर तो ठेवून द्या. तीही फसवणूकच आहे.