सैनिकांचं मासिक काढायचंय? आधी पैशाची फोड करा

पुण्यात खडकी, घोरपडी, वानवडीकडे माजी सैनिकांची संघटना मासिक काढायचं म्हणते, तेव्हा पहिला वाद खर्चावरून होतो: सैन्याकडून पैसे घ्यावेत की नाही? सैन्याने पैसे द्यायला आमची हरकत नाही. मात्र सगळा खर्च एकाच देणाऱ्यावर टाकू नका. अमेरिकी सैनिकांसाठीच्या ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या वृत्तपत्राला संपादकीय स्वातंत्र्य होतं, तरी २०२० मध्ये पेंटागॉनने, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्याने, निधी काढून घ्यायचं ठरवल्यावर ते बंद पडायच्या बेतात होतं. आपलं ‘सैनिक समाचार’, म्हणजे १९०९ चा ‘फौजी अखबार’, संरक्षण मंत्रालयच काढतं. तिथे मंत्रालयावर टीका शोधायला कुणी जात नाही.

म्हणून छपाई वर्गणीतून, टपाल देणगीतून अशी फोड करा. मजकुराचा शेवटचा शब्द कुणाचा, हे ठरावात लिहून घ्या. तोंडी ठरलेलं पहिल्या कडक लेखाला मोडतं. बातम्या, भाष्य छापून जाहीर वाटायचं असेल तर २०२३ च्या नियतकालिक नोंदणी कायद्याप्रमाणे सरकारच्या प्रेस सेवा पोर्टलवर नोंदणी लागते. सेवेतल्या जवानाचा लेख असेल तर त्याने परवानगी घेतली आहे का, ते आधी विचारा. आर्मी रूल्सचा नियम २१ त्यालाच भोवतो, संपादकाला नाही.

आठ पानी ए-४ अंक म्हणजे दोन ए-३ कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले, मधे पिन. बाहेरच्या कागदावर एकीकडे ८ आणि १, मागे २ आणि ७; आतल्यावर ६ आणि ३, मागे ४ आणि ५. पानं चारच्या पटीतच ठेवा, नाहीतर कोरं पान भरायला कुणाची तरी कविता घ्यावी लागते. ५०० प्रतींना १,००० कागद, म्हणजे दोन रीम. वाया जाणारे पन्नासेक वेगळे धरा. ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागदाचा अंक २० ग्रॅम भरतो, टपालखर्च त्यावर काढा.

खरा घोळ फॉन्टचा. युनिकोडमधला मजकूर प्रेसवाला जुन्या फॉन्टमध्ये बदलतो आणि ‘अधिकाऱ्यांची’मधला ऱ्या फुटतो, ‘कर्नल’चा रफार शेजारच्या अक्षरावर जातो. फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलमध्येच बसवलेली, पीडीएफच द्या आणि छापील प्रूफ मागा. पेन्शनच्या परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख दोघांनी वाचावी: एकाने मोठ्याने, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून.

परत आलेले अंक फेकू नका. पाकिटावरचा पोस्टमनचा शेरा पाहून त्याच दिवशी पत्त्यांची यादी दुरुस्त करा.