मैफलीचं आणि पुस्तकाचं परीक्षण कसं लिहावं

मैफलीला वेळेवर जा, मध्यंतरानंतर पळू नका. पुस्तक तळटिपांसकट शेवटपर्यंत वाचा. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

गाडी अडते ती पुढे. ‘गायन उत्तरोत्तर रंगत गेलं’, ‘तबल्याची साथ समर्पक’, ‘पुस्तक संग्राह्य’ ही वाक्यं कुठल्याही मैफलीला आणि कुठल्याही पुस्तकाला चिकटतात. मीही कित्येक वर्षं तीच चिकटवली. एकदा कार्यक्रमाच्या छापील पत्रिकेत पूरिया राग होता, म्हणून परीक्षणात पूरियाच लिहिला, वर त्यातल्या गांधाराचं (‘ग’ स्वराचं) कौतुकही केलं. गायिकेनं ऐनवेळी मारवा घेतला होता. दोन्ही रागांचे स्वर तेच: कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. पण मारव्याचा जोर ऋषभ-धैवतावर (रे-ध), आणि षड्ज (सा) हातचा राखलेला, त्यावर फारसं थांबायचं नाही. पूरिया गांधार-निषादावर (ग-नि) विसावतो, मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात रमतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या संध्याकाळी मी गाण्याऐवजी पत्रिका ऐकत होतो. चूक एका ज्येष्ठ तबलावादकांनी दाखवली, तीही हसत हसत. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून खिशात मावेल एवढी वही. डावीकडे घड्याळातली वेळ, उजवीकडे घडलेली गोष्ट. विशेषणाला बंदी, ‘छान’ लिहिलंत तर तिथल्या तिथे खोडा. माझं एक पान असं दिसतं:

७:१२ ख्याल सुरू, विलंबित एकताल.
७:२० अजून षड्जावर थांबलेली नाही.
७:३१ तान लांबली, मुखडा अर्ध्यातून पकडून सम गाठली.
७:३२ तबला साध्या ठेक्यावर, मध्ये बोलला नाही.

(विलंबित म्हणजे संथ लय, मुखडा म्हणजे बंदिशीचा समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, ठेका म्हणजे तालाचे ठरलेले बोल.) एवढ्यावर अख्खा परिच्छेद उभा राहतो. साथ समर्पक होती की नाही, ते ७:३२ ची ओळच सांगते.

मात्रा मोजत बसा, असा सल्ला नवख्यांना हमखास मिळतो. ऐकू नका. एकतालाच्या मात्रा १२ खऱ्या, पण अतिविलंबित लयीत एकेका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका पूर्ण फेरीला, पाऊण-एक मिनिट लागतं. बोटं मोजत राहिलात तर गाणं निसटतं. मुखड्यावर कान ठेवा, सम तोच दाखवतो. आणि ‘रेकॉर्डिंग करू, घरी निवांत ऐकू’ हा तर सगळ्यात वाईट सल्ला. रेकॉर्डिंग चालू आहे म्हटलं की कान सैल पडतो.

राजकारण-अर्थकारणाच्या पुस्तकाला हीच वही चालते, फक्त वेळेच्या जागी पान क्रमांक. आधी लेखकाचा मुद्दा त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडा, भांडण नंतर. मग ज्या आकड्यावर सगळा युक्तिवाद तोलला आहे तो एकच आकडा निवडा आणि मुळापर्यंत जा. ‘दहा वर्षांत खर्च दुप्पट झाला’ असं लिहिलं असेल तर विचारा, चालू किमतींनी की स्थिर, म्हणजे महागाई वगळून? महागाई दरवर्षी ६ टक्के धरली तर दहा वर्षांत किमतीच सुमारे १.८ पट होतात. म्हणजे खरी वाढ साधारण १२ टक्के, आणि तीही लोकसंख्येचा हिशेब न करता. आधारवर्षही बघा, म्हणजे कोणत्या वर्षाच्या किमती धरून हिशेब केला आहे ते. भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाचं आधारवर्ष २०१५ मध्ये २००४-०५ वरून २०११-१२ वर आलं. दोन वेगळ्या आधारवर्षांच्या मालिकांमधले आकडे शेजारी ठेवून वाढ दाखवणारा लेखक एक तर घाईत आहे किंवा चलाख. कुठलं, ते पान क्रमांक देऊन लिहा.

लिहायला बसाल तेव्हा पहिला परिच्छेद काढून टाका. तो बहुतेक वेळा सभागृहाच्या गर्दीबद्दलच असतो.

राहिली नावं. गायिकेच्या मागे तानपुऱ्यावर बसलेल्या दोघींचीसुद्धा द्या, आणि त्यांनाच विचारून घ्या. पत्रिकेवरून नको.