सणांच्या शब्दकोड्यावर डबा लपवताय? या चुका टाळा

जिओकॅशिंग म्हणजे निर्देशांकांवरून, जीपीएसच्या मदतीने, कोणीतरी लपवलेला डबा शोधण्याचा खेळ. कोडं सुटलं, शोधणारा नाशिकच्या पंचवटीत पोचला, अर्धा तास झुडपं धुंडाळली आणि डबा मात्र चाळीस मीटर पलीकडे. अशा तक्रारीत दोष बहुधा जीपीएसचा नसतो, कोड्याचा असतो. मराठी सणांवर शब्दखेळ रचणं सोपं आहे, पण एकाच सणातून तीन-तीन आकडे निघतात आणि जिओकॅशिंगच्या मिस्टरी कॅशला, म्हणजे कोडं सोडवून ज्याचे निर्देशांक काढायचे अशा डब्याला, एकच आकडा चालतो.

चूक किती महागात पडते ते आधी बघा. निर्देशांक अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात, दशांशचिन्हापुढे तीन अंक. अक्षांशाचा शेवटचा अंक एकने चुकला तर फरक साधारण १.८५ मीटरचा, रेखांशाचा नाशकात १.७४ मीटरचा. मोबाइल तेवढा इकडेतिकडे दाखवतोच, म्हणून ही चूक खपून जाते. त्याच्या डावीकडचा अंक एकने चुकला की साडेअठरा मीटर. दशांशचिन्हाला लागून असलेला चुकला की १८५ मीटर, म्हणजे गल्लीच बदलली.

अक्षरं मोजायला लावणं

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. ‘लक्ष्मीपूजन’ या शब्दात अक्षरं किती? ल-क्ष्मी-पू-ज-न, पाच. व्यंजनं मोजली तर सात. कोणी शब्द संगणकात टाकून मोजणी केली तर अकरा, कारण तिथे काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं धरलं जातं. तिघंही आपापल्या जागी बरोबर. अक्षरं मोजायचीच असतील तर ‘जोडाक्षर एकच धरा’ हे कोड्यातच लिहा, किंवा जोडाक्षर नसलेले शब्द घ्या: दिवाळी, दसरा, करंजी, चकली. तिथेही संगणकाची मोजणी वेगळी येईल, पण हाताने मोजणारे तरी भांडणार नाहीत.

सण एक, आकडे अनेक

आकडा तिथीतून काढणं त्यापेक्षा भक्कम. रामनवमी ९, आषाढी ११, अनंत चतुर्दशी १४. पण नुसतं ‘पंचमी’ म्हटलं की नाग, ऋषी, रंग तिन्ही हजर. तिथी तीच, महिने मात्र वेगळे. ‘रंगाचा दिवस’ हा इशारा तर खास नाशिकचा सापळा आहे. जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारणारा डोळे मिटून रंगपंचमी म्हणेल आणि ५ काढेल. बाहेरचा शोधक धूलिवंदन धरून १ काढेल. लक्ष्मीपूजनाची अमावास्या पंचांगात ३० लिहितात, पण पंधरवड्यात मोजली तर १५.

महिन्याचा क्रमांक वापरणार असाल तर आणखी जपा. आपल्याकडे गोकुळाष्टमी श्रावणात, म्हणजे ५. उत्तरेकडच्या पौर्णिमान्त (पौर्णिमेला महिना संपणाऱ्या) पंचांगात तीच भाद्रपदात, म्हणजे ६. हिंदी संकेतस्थळ उघडलेल्या शोधकाचा काय दोष?

इंग्रजी तारीख मात्र घेऊच नका. गुढीपाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला. डबा दोन वर्षं टिकला तरी कोडं टिकत नाही. संक्रांतही दरवर्षी १४ लाच येते असं नाही. २०२४ मध्ये १५ जानेवारीला होती.

चांगली कोटी कशी ओळखायची? तिचे दोन्ही अर्थ एकाच आकड्यावर येतात. ‘पाडवा’ चैत्रातला घ्या नाहीतर दिवाळीतला, तिथी प्रतिपदाच, आकडा १. किंवा हे बघा:

‘गाईच्या बारशाला गेलो, आहेरात पूज्य मिळालं.’

गाय आणि बारसं म्हणजे वसुबारस, १२. ज्याला वसुबारस सुचली नाही तोही बाराव्या दिवसाचं बारसं धरून १२ वरच येतो. पूज्य म्हणजे शून्य. झाले तीन अंक: १२०. वाकड्या वाटेने गेलेला माणूसही मुक्कामी पोचतो.

अंश गृहीत धरणं

२० अंशांचं अक्षवृत्त नाशिक शहरातूनच जातं. पंचवटी २०° ०० मिनिटांत, नाशिकरोड १९° ५७ च्या आसपास. ‘सुरुवातीचं २०° दिलंच आहे’ असं लिहून डबा दक्षिणेला ठेवलात तर शोधक भलतीकडे जाईल. गुगल मॅपवरचा आकडा दशांश अंशांत असतो, २०.००७५ म्हणजे २०° ००.४५०, ००.७५ नव्हे. नकाशावर वरवर दाखवलेल्या (खऱ्या नसलेल्या) ठिकाणापासून डबा ३.२ किलोमीटरच्या आत आणि दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर लांब असावा.

पडताळणी

नुसती अंकांची बेरीज देऊन भागत नाही. ४५० आणि ४०५ यांच्या अंकांची बेरीज सारखीच, पण अक्षांशात अंतर ८३ मीटर. चेकर (उत्तर बरोबर आहे का ते सांगणारं ऑनलाइन साधन) जोडा आणि त्यात शब्द नाही, निर्देशांक विचारा. ‘शंकरपाळी’ की ‘शंकरपाळे’ हा वाद तर आहेच, शिवाय ‘गोवऱ्या’मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसायला तंतोतंत एक, पण चेकरला दोन वेगळे शब्द. अंक इंग्रजीत टाका हेही सांगून ठेवा.

डब्याबद्दल थोडक्यात: दिवाळीचा विषय आहे म्हणून आत फराळ किंवा फुलबाज्या नकोत. खाद्यपदार्थ आणि स्फोटक वस्तू नियमातच बसत नाहीत, आणि चकलीला मुंग्या लागायला एक रात्र पुरते. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे, तिथे ठेवू नका. देवळाली कॅम्पचा लष्करी भागही सोडा. गोदाकाठी ठेवायचाच तर पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागतं ते आठवून उंची ठरवा.

प्रसिद्ध करण्याआधी कोडं दोघांना द्या, एक नाशिककर आणि एक बाहेरचा. शेजारी बसून खुणा करू नका. नंतर तक्रार आली तर ‘डबा सापडला नाही का?’ असं न विचारता ‘आकडा कोणता काढला?’ असं विचारा. दोन अनोळखी माणसांनी एकच चुकीचा आकडा सांगितला तर इशाऱ्यातली ती ओळ बदला. डबा आहे तिथेच राहू द्या, नाहीतर ज्यांनी आधीच बरोबर सोडवलं आहे ते रिकाम्या जागी पोचतील.