गूगलचे १५ जीबी भरले? फोटो उडवायच्या आधी हे बघा
'स्टोरेज फुल'चा इशारा आला की आपण हातासरशी जुने फोटो उडवायला बसतो. जरा थांबा. गूगलचे फुकटचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून असतात आणि अडगळ बऱ्याचदा भलतीकडेच असते.

पहिला संशयित म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. अँड्रॉइड फोनवरचा त्याचा बॅकअप २०२४ पासून याच जागेत मोजला जाऊ लागला. सेटिंग्ज, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप. तिथे व्हिडिओ घेण्याचं बटण बंद करा आणि लगेच नवा बॅकअप घ्या. हळदीतला तोच नाच तीन ग्रुपांवरून तीनदा आलेला असतो, तो कशाला जपायचा?

मग कॉम्प्युटरवर ड्राइव्ह उघडा आणि डावीकडच्या 'स्टोरेज'वर क्लिक करा. सगळ्यात जड फाइल सगळ्यात वर दिसते. दुसऱ्यांनी शेअर केलेल्या फाइल मात्र त्यांच्या खात्यात मोजल्या जातात. त्या काढून तुमची जागा वाढत नाही.

डिलीट केलं तरी काम अर्धंच झालं. ड्राइव्ह आणि जीमेलच्या ट्रॅशमध्ये तो माल ३० दिवस पडून राहतो आणि तोवर जागाही अडवतो. दोन्हीकडचा ट्रॅश स्वतः रिकामा करा.

फोटोंना हात लावायचाच असेल तर आधी पेनड्राइव्हवर कॉपी घ्या. बॅकअप चालू असताना फोटोज अ‍ॅपमधून उडवलेला फोटो फोनमधूनही जातो.