थंडीच्या ठिकाणी कॉलेजला निघालात? बॅग भरण्याआधी जरा वाचा

दरवर्षी नवीन मुलं आली की त्यांच्या बॅगेतून तेच निघतं. चार जाडजूड स्वेटर आणि थर्मलचा एकच जोड. मीही अगदी हेच घेऊन आलो होतो, त्यामुळे हसायची सोय नाही.

पहिलं डोक्यात घ्या, थंडी बाहेर असते, आत नसते. वर्ग, लायब्ररी, बस, सगळीकडे हीटिंग, आत साधारण २० डिग्री. म्हणजे दहा मिनिटं काकडत चालायचं आणि मग दोन तास उबेत बसायचं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी थर्मलवर डोक्यातून घालायचा गळाबंद स्वेटर आणि वर जॅकेट असा जामानिमा करून वर्गात गेलो, जॅकेट काढलं, पाच मिनिटांत उकडायला लागलं म्हणून स्वेटर काढायला गेलो तर आतला थर्मलपण त्याच्यासोबत वर, भर वर्गात पोट उघडं! गपचूप परत खाली ओढला आणि घामाघूम होऊन बसलो, बाहेर पडल्यावर तोच घाम गार पडला आणि अशी हुडहुडी भरली की विचारू नका. तेव्हापासून मधला कपडा पुढून पूर्ण चेन असलेलाच घेतो.

तर आत थर्मल, मध्ये चेनवालं फ्लीस (पॉलिस्टरचं मऊ, केसाळ, उबदार जॅकेट), वर वारा अडवणारं जॅकेट. ऊब खरं म्हणजे कपड्यांमध्ये अडकलेल्या हवेची असते, म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे बरे, आणि एकेक काढताही येतात. थर्मल कॉटनचे नकोत, कॉटन घाम पितं आणि वाळता वाळत नाही. पॉलिस्टरचे तीन जोड पुरतात. मेरिनो लोकरीचे परवडत असतील तर उत्तमच, कारण लागोपाठ तीन-चार दिवस घातले तरी वास मारत नाहीत आणि परीक्षेच्या दिवसांत कपडे धुवायला वेळ कोणाला असतो.

मोठं जॅकेट शक्यतो तिकडे पोचल्यावर घ्या, तिथल्या थंडीचं जॅकेट तिथल्याच दुकानात धड मिळतं. घेताना कमरेच्या खालपर्यंत येणारं, टोपीवालं, मनगटाशी घट्ट होणारं बघा. पिसांचं जॅकेट हलकं आणि खूप उबदार, पण भिजलं की पिसं गोळा होऊन बसतात आणि ऊब संपली, म्हणून जिथे कोरड्या बर्फापेक्षा पाऊस आणि चिखलच जास्त तिथे सिंथेटिक भरलेलं बरं. आणि फोनवर नुसतं तापमान बघून निघू नका, उणे १० ला ताशी ३० किलोमीटरचा वारा असला की उघड्या चेहऱ्याला ते उणे २० सारखं झोंबतं.

ऐन हिवाळ्यात पोचणार असाल तर मात्र एक बऱ्यापैकी जॅकेट हवंच, पण ते बॅगेत भरू नका, अंगावर घालून विमानात बसा. एका बॅगेला बहुतेक वेळा २३ किलोच मिळतात, जॅकेटनेच अर्धी बॅग भरायची म्हणजे काय! कानटोपी आणि हातमोजे त्याच्याच खिशात ठेवा, एअरपोर्टच्या दारातून बाहेर पडताक्षणी लागतात आणि तेव्हा ते नेमके बॅगेच्या तळाशी असतात.

पायांबद्दल सगळ्यांचा एकच गैरसमज, दोन मोजे घातले की डबल ऊब. उलट बूट आवळतो, आतली हवा दबते, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आणखी बधिर होतात. लोकरीचा एकच जाड जोड घाला आणि बूट घेताना तोच घालून मापाला जा, बोटं आत हलली पाहिजेत. साधे स्पोर्ट्स शूज बर्फात एका दिवसात ओले होतात, अनुभव आहे.

आतले कपडे, रोजचे टीशर्ट, दोन जीन्स, रूममधल्या चपला, एखादा फॉर्मल जोड एवढं नेहमीचं घरून आणा, त्यात फार डोकं लावू नका.

धुण्याचं तेवढं सांगतो. लोकरीच्या कपड्यावरचं लेबल आधी वाचा, गरम पाण्याच्या मशीनमध्ये किंवा ड्रायरमध्ये टाकू नका, सपाट पसरून वाळवा. माझ्या चारपैकी एक स्वेटर ड्रायरमधून आठ वर्षांच्या पोराच्या मापाचा होऊन बाहेर आला. उरलेले तीन अजून बॅगेतच पडलेत, कोणाला हवे असतील तर सांगा.