कमी खर्चातला कृष्णधवल गुन्हेपट : १९५४ ची मुंबई उभी करताना

फिल्म न्वार या नावाने ओळखला जाणारा गडद गुन्हेपटांचा चित्रप्रकार १९४० च्या दशकात अमेरिकेत रुजला. त्याचा काळोख पहिल्यापासून निम्मा कलेचा आणि निम्मा काटकसरीचा होता. छोट्या निर्मितीसंस्थांना मोठे सेट परवडत नसत. थोडे धुके सोडायचे, एक दिवा लावायचा आणि उरलेली भिंत अंधारात राहू द्यायची, एवढ्यावर रस्ता उभा राहत असे. आपल्याकडेही प्रकाशाची ही रीत फार उशिरा आली नाही. जर्मनीहून आलेले छायालेखक योझेफ विर्शिंग मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये अशाच गडद छायाप्रकाशात काम करत होते, आणि १९५० च्या दशकात नवकेतन ही निर्मितीसंस्था आणि दिग्दर्शक गुरुदत्त यांनी मुंबईच्या रस्त्यांवर हिंदीतला गुन्हेपट घडवला. म्हणून मराठीत त्या काळावर वीस-पंचवीस मिनिटांचा लघुपट करणाऱ्याने परक्या शहराची नक्कल करण्याचे काही कारण नाही. पुढे जे सांगितले आहे ते हाताशी एक कॅमेरा, दोन-तीन दिवे, सात-आठ माणसे आणि बेताचे पैसे आहेत असे धरून सांगितले आहे. कामाच्या प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारत राहावे : आपण वापरत असलेला अंधार खर्च लपवतो आहे, की गोष्टच लपवतो आहे?

दशक नव्हे, वर्ष ठरवावे

‘पन्नासच्या दशकातली मुंबई’ एवढ्या मोघम कल्पनेवर काम सुरू केले, तर कलादिग्दर्शनातले निर्णय अंदाजाने होतात आणि अंदाज महागात पडतो. त्याऐवजी एक वर्ष निश्चित करावे. १९५४ धरले तर अनेक प्रश्न आपोआप सुटतात. नवे पैसे १ एप्रिल १९५७ रोजी आले, त्यामुळे पात्रांच्या तोंडी आणे, चवली, पावली आणि अधेलीच असायला हवी. टेबलावर ‘लोकसत्ता’ चालेल, कारण तो १९४८ मध्ये सुरू झाला. ‘महाराष्ट्र टाइम्स’ चालणार नाही, कारण तो १९६२ चा आहे. महाराष्ट्र राज्य १९६० चे, म्हणून सरकारी कागदावर ‘मुंबई राज्य’ लिहावे लागेल. ट्राम मात्र ३१ मार्च १९६४ पर्यंत धावत होती, तेव्हा ती न दाखवताही तिची घंटा ऐकवता येते. सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना नसावी, कारण तिची सक्ती १९७५ च्या कायद्याने झाली. अशा दहा-बारा नोंदींचा एक कागद दिग्दर्शक, वेशभूषाकार आणि संवादलेखक या तिघांच्या खिशात असला पाहिजे.

गुन्ह्याचे कारणही त्याच काळातून यावे. हिरे, विमा आणि खासगी गुप्तहेर हे परदेशी सामान वापरले की नटांना फेल्ट हॅट घालाव्या लागतात आणि सगळेच वेषांतर वाटू लागते. त्या वेळच्या मुंबईत दोन कारणे तयार पडलेली होती. पहिले दारूबंदी : १९४९ च्या कायद्यानंतर १९५० पासून राज्यात पूर्ण दारूबंदी होती, प्रकृतीच्या कारणाने मिळणारे परवाने होते, हातभट्ट्या होत्या आणि या सगळ्याच्या आसपास वावरणारे लोक होते. दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते, ते म्हणजे खोली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि पागडी, म्हणजे खोली देण्यासाठी भाड्यावेगळी रोख रक्कम, घेणे बेकायदा ठरले, पण पागडीशिवाय खोली मिळणे कठीणच राहिले. ज्या पैशाची पावती नाही त्या पैशावरून दोन माणसांत जे घडते, ते न्वारच्या स्वभावाला अगदी जुळणारे आहे. शिवाय ती गोष्ट एका खोलीत, एका जिन्यावर आणि एका गॅलरीत पूर्ण होते, म्हणजे निर्मितीखर्चाचा निम्मा प्रश्न पटकथेतच सुटतो.

संवाद लिहिताना ‘शहर कुणाचंच नसतं’ असली टाळ्यांची वाक्ये गाळावीत. गिरगावातला कारकून, लालबागचा गिरणी कामगार आणि मालवणहून आलेला खानावळवाला एकच मराठी बोलत नाहीत. नवऱ्याचे नाव न घेणारी बायको पोलिसांपुढे कशी अडखळते, यातला ताण लिहिलेल्या चमकदार वाक्यात सापडत नाही.

चौकट, जागा आणि कपडे

चित्रचौकट रुंदी-उंचीच्या १.३७ : १ या जुन्या प्रमाणात ठेवावी. ती त्या काळाची आहे आणि स्वस्तही आहे. रुंद चौकटीत दोन्ही बाजूंची भिंत सजवावी लागते; अरुंद चौकटीत एसीचे बाहेरचे यंत्र, डिश अँटेना आणि सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या सहज बाहेर राहतात. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक दिसले की काळ मोडतो, म्हणून बाहेरच्या दृश्यांत कॅमेरा शक्यतो कमरेच्या वर राहू द्यावा, किंवा डांबरी रस्ता पावसाने ओला झाला असताना दूरचा एक दिवा मागे ठेवून चित्रण करावे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत रस्ता भिजवायच्या टँकरचे पैसे वाचतात, मात्र पावसापासून कॅमेरा आणि वायरी सांभाळणारा एक माणूस जास्तीचा लागतो.

दक्षिण मुंबईतल्या चाळी आणि फोर्टमधल्या इमारती परवानगी, गर्दी आणि वेळ या तिन्ही बाबतींत महाग पडतात. पुण्याच्या पेठांतले, कोल्हापुरातले किंवा वाईचे लाकडी जिने जवळून टिपले तर मुंबईतले म्हणून खपतात. दुरून टिपले तर खपत नाहीत. खोलीतली विजेची बटणे आधी पाहावीत. पांढरा मॉड्युलर स्विचबोर्ड झाकायला कॅलेंडर पुरते, पण त्या कॅलेंडरवर १९५४ सालचेच वार-तारखा असाव्यात, कारण ते वाचणारा एक प्रेक्षक नेहमी असतो.

कपडे विकत घेऊ नयेत. नाटकांना कपडेपट पुरवणाऱ्यांकडे धोतर, कोट, काळ्या टोप्या आणि नऊवारी साड्या भाड्याने मिळतात. पोलिसांचा गणवेश हा चुकांचा हमखास प्रदेश असल्याने तपास करणारा फौजदार साध्या वेशात ठेवणे शहाणपणाचे. नकली पिस्तूल वापरायचे असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावे. व्हिक्टोरिया ही घोडागाडी दाखवण्याचा मोह आवरावा; चित्रीकरणात जनावर वापरायचे तर वेगळी परवानगी लागते आणि घोड्याच्या टापांचा आवाज पडद्याबाहेरून तितकेच काम करतो.

प्रकाश

इथे घाई करू नये, कारण चित्रपटाचा जीव इथेच आहे. चित्रण रंगीत करून नंतर कृष्णधवल करायचे असले, तरी सेटवरचा मॉनिटर पहिल्या दिवसापासून कृष्णधवल ठेवावा. रंग गेले की हिरवी साडी आणि लाल ब्लाउज एकाच करड्या छटेत मिसळतात, म्हणून कपड्यांची चाचणी आदल्या आठवड्यात त्याच कॅमेऱ्यावर घ्यावी. रंग नसल्यामुळे माणूस पार्श्वभूमीपासून सुटा दिसण्याचा एकच उपाय उरतो : उजळ भिंतीपुढे गडद चेहरा, किंवा गडद भिंतीपुढे उजळ कडा. प्रत्येक शॉट लावताना यांपैकी काय निवडले आहे, ते छायालेखकाला सांगता आले पाहिजे. याचा एक फायदाही आहे : रस्त्यावरचे दिवे पिवळे आहेत की पांढरे, याने काहीच बिघडत नाही.

दिवा कठोर हवा. प्रकाश मऊ करणारे सॉफ्टबॉक्स आणि बटर पेपर बाजूला ठेवून एक उघडा एलईडी किंवा जुना हजार वॉटचा ‘बेबी’ दिवा खिडकीबाहेर जमेल तितका दूर न्यावा. सावली पाडणारी वस्तू भिंतीच्या जवळ आणि दिवा लांब असेल तर कडा धारदार येते. उलट केले तर ती विरघळते. अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाईवर येतो हे लक्षात ठेवून दिव्याची ताकद आधी मोजावी. समोरून सावल्या उजळवणारा भराव प्रकाश (फिल लाइट) देण्याची सवय मोडावी आणि फार तर डोळ्यांत एक ठिपका येईल एवढा प्रकाश परतवणारा थर्माकोलचा तुकडा वापरावा. नको तिथला प्रकाश कटरने (दिव्यापुढे धरायच्या काळ्या आडोशाने) आणि काळ्या कपड्याने कापण्यात दिवे लावण्याइतकाच वेळ जातो, आणि तो वेळापत्रकात आधीच धरावा लागतो.

आडव्या पट्ट्यांच्या व्हेनेशियन पडद्यांच्या सावल्या लॉस एंजेलिसच्या कचेऱ्यांतून आलेल्या आहेत. गिरगावच्या खोलीत त्या पाडल्या की जाणकार प्रेक्षक हसतो. इथे खिडकीचे उभे गज आहेत, लाकडी झडपा आहेत, गॅलरीचा कठडा आहे, जिन्याच्या पायऱ्यांमधल्या फटी आहेत आणि वाळत घातलेले धोतर आहे. धोतरामागून चालत जाणाऱ्या माणसाची सावली कोणत्याही आयात क्लृप्तीपेक्षा अधिक भीती घालते. दिव्याचा झोत हवेत दिसावा म्हणून धूप जाळायला हरकत नाही, पण दोन शॉटांमध्ये धुराची दाटी सारखी राहील याकडे एकाने लक्ष द्यावे आणि मध्ये मध्ये दारे उघडावीत.

आतली रात्रीची दृश्ये दिवसा करावीत. खिडक्यांवर बाहेरून काळा कपडा ठोकला की रात्र होते, माणसे जागरणाने थकत नाहीत आणि रात्रपाळीचा जादा खर्च टळतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचे शटर ठेवावे, म्हणजे घरगुती दिव्यांची लुकलुक चित्रात येत नाही.

आवाज आणि गाणी

आजच्या मुंबईचा आवाज जुन्या चित्राखाली टिकत नाही, तेव्हा बाहेरच्या दृश्यांचे संवाद डबिंगनेच करावे लागतील हे आधीच मान्य करावे. त्याच्या मोबदल्यात गिरणीचा भोंगा, ट्रामची घंटा, छताच्या पंख्याची कुरकुर आणि पितळी बादलीचा आवाज यांच्या जोरावर न दाखवलेले शहर उभे राहते. रेडिओ वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. वाल्व्हचा रेडिओ लावल्यावर आवाज यायला काही क्षण लागतात. ही वाट पाहणे रहस्यकथेला वरदान आहे. दुसरे म्हणजे बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाल्यानंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. म्हणून १९५४ च्या खोलीत सिनेमाचे गाणे वाजायचे असेल तर ते सिलोनचे हवे.

हक्कांचा हिशेब नीट समजून घ्यावा. जुन्या ध्वनिमुद्रिकेचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, पण गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, आणि नवखे निर्माते नेमके इथेच अडकतात. अण्णासाहेब किर्लोस्कर (निधन १८८५) किंवा गोविंद बल्लाळ देवल (निधन १९१६) यांचे एखादे नाट्यपद ओळखीच्या गायकाकडून नव्याने गाऊन घ्यावे; ते काळाला शोभते आणि कोणाची परवानगी शोधत फिरावे लागत नाही.

प्रेक्षकांपुढे जाताना

संकलनाचा पहिला पूर्ण खर्डा झाला की पार्श्वसंगीत न घालताच तो दाखवावा, कारण संगीत गोष्टीतली भोके तात्पुरती बुजवते. आठ ते बारा माणसे पुरेत. त्यांत चमूतले कोणी नसावे, घरचे शक्यतो नसावेत, आणि निदान दोन व्यक्ती पंचाहत्तरीच्या पुढच्या, चाळीत लहानपण गेलेल्या असाव्यात. ‘कसा वाटला?’ असे विचारले की आपल्याकडे ‘छान झालाय’ हेच उत्तर मिळते, आणि त्यात खोटेपणा नसून सौजन्य असते. म्हणून बोलणे सुरू होण्यापूर्वी कागद वाटावा आणि तीन-चार साधे प्रश्न लिहून घ्यावेत : काय घडले ते तुमच्या शब्दांत सांगा, पैसे शेवटी कोणाकडे राहिले, कुठे मन भरकटले, कोणती वस्तू किंवा शब्द त्या काळातला वाटला नाही. पहिल्या प्रश्नाची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत, तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी तेवढेच दुरुस्त करावे. संदिग्ध शेवट आणि न कळलेला शेवट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चित्रपट चालू असताना दिग्दर्शकाने पडद्याकडे पाठ करून, बाजूला बसून माणसे पाहावीत. खुर्चीतली चुळबुळ, मोबाइलकडे गेलेला हात, शेजाऱ्याला विचारलेले ‘हा कोण?’ यांची वेळ लिहून ठेवावी. नंतरच्या चर्चेत खुलासा करू नये. आपण समजावून सांगितले की समोरचा मान डोलावतो आणि त्या क्षणापासून त्याचे मत आपल्याला निरुपयोगी होते.

मिळालेल्या अभिप्रायांचे वजन सारखे नसते. काळाच्या चुका सांगणाऱ्याचे म्हणणे तपासून लगेच मान्य करावे. खात्री करण्यासाठी पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, फिल्म्स डिव्हिजनची जुनी वृत्तचित्रे आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातील जुने अंक उपयोगी पडतात. लय बिघडल्याची तक्रार तीन जणांनी एकाच ठिकाणी केली, तर दोष बहुधा त्या ठिकाणच्या काही मिनिटे आधी असतो. प्रेक्षक उपाय सुचवतात तेव्हा उपाय बाजूला ठेवून दुखणे ऐकावे. ‘इथे एक गाणे टाका’ म्हणजे इथे थकवा आला. ‘तिची मागची गोष्ट दाखवा’ म्हणजे तिच्या निर्णयावर विश्वास बसला नाही, आणि तो एखाद्या नजरेने किंवा आधीच्या एका ओळीनेही बसू शकतो. नायक सज्जन नाही ही तक्रार मात्र ऐकून घ्यावी आणि सोडून द्यावी.

सर्वांत जास्त येणारे वाक्य असेल ‘फार अंधार आहे, काही दिसत नाही’. ते ऐकून लगेच सगळे चित्र उजळ करू नये आणि ‘न्वार असाच असतो’ म्हणून उडवूनही लावू नये. आधी विचारावे, कशावर पाहिले? दुपारच्या उजेडात मोबाइलवर पाहणाऱ्याची तक्रार वेगळी आणि काळोख्या सभागृहातल्या प्रोजेक्टरवरची वेगळी. मग विचारावे, नेमके काय दिसले नाही? भिंत दिसली नसेल तर ठीक. ज्या हातात चिठ्ठी गेली तो हात दिसला नसेल, तर ती चूक दुरुस्त करायलाच हवी, आणि त्यासाठी पूर्ण दृश्य उजळायची गरज नसून तेवढ्या हाताभोवतीचा भाग उजळला तरी भागते. आंतरजालावर चढवताना होणारे फाइलचे आकुंचन (कॉम्प्रेशन) गडद करड्या छटांचे चौकोनी डाग करते, तेव्हा चित्रात जुन्या फिल्मसारखा बारीक दाणा (ग्रेन) मिसळावा, मोठ्या बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाला जास्त माहिती साठवणारी, फाइल द्यावी आणि जाहीर करण्यापूर्वी ती स्वस्तातल्या मोबाइलवर, घरच्या टीव्हीवर आणि प्रोजेक्टरवर अशी तिन्हीकडे पाहावी. चित्रपटगृहात सार्वजनिक खेळ करायचा असेल तर प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठीचा वेळ व शुल्क अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावे.

दुरुस्त केलेली प्रत त्याच माणसांना पुन्हा दाखवू नये. त्यांना गोष्ट आता माहीत आहे, त्यामुळे त्यांना सगळेच कळेल. दुसऱ्या खेळाला नवी आठ माणसे आणि तोच जुना कागद घेऊन बसावे. पैसे कोणाकडे राहिले याचे उत्तर आठांपैकी सहा-सात जणांनी सारखे दिले, की संगीतकाराला बोलावणे पाठवायला हरकत नाही.