फ्लेक्सवरचा गणपती कुणाचा? फुकट चित्रं शोधताना या चुका टाळा

गणेशोत्सवाच्या आधी कुडाळ, चिपळूण, दापोली, कुठल्याही गावच्या फ्लेक्सच्या दुकानात उभे राहा. मंडळाचा पोरगा मोबाइल पुढे करतो, दुकानदार त्यातलं चित्र घेऊन कामाला लागतो. चित्र कुणाचं म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: “गुगलार गावता मा, मगे काय!” पण गुगल फक्त चित्र दाखवतो. ते त्याच्या मालकीचं नसतं आणि तुम्हाला वापरायला द्यायचा हक्कही त्याला नसतो. देवाच्या चित्रांबाबत आणखी एक समज घट्ट बसलेला आहे: देवाच्या चित्रावर कोण हक्क सांगणार? देवावर कुणीच सांगत नाही. पण ते चित्र ज्यानं काढलं तो सांगू शकतो, आणि त्याच्या मागे त्याचे वारस.

जुनं कॅलेंडर म्हणजे मोकळं चित्र, असं धरून चालणं

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, म्हणून जरा सविस्तर. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायची. म्हणजे चित्र किती जुनं दिसतं याला अर्थ नाही. चित्रकार कधी गेला ते शोधायचं.

राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले. त्यांची लक्ष्मी, सरस्वती केव्हाच मोकळी झाली. म. वि. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांची चित्रं २००५ पासून मोकळी. इथवर सोपं आहे. पण कोकणातल्या माजघरात जी चित्रं खरी टांगलेली असतात, त्यांचं काय? रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या देवदेवतांवरचा हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, त्यांचा २०३१ अखेरपर्यंत. एस. एम. पंडित १९९३ मध्ये गेले, त्यांचा तर २०५३ अखेरपर्यंत. आजीच्या खोलीतलं पिवळं पडलेलं कॅलेंडर स्कॅन करून स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर टाकण्याआधी कोपऱ्यातली सही भिंगानं बघा.

सही नसेल आणि चित्रकार कोण हे खरोखरच कळत नसेल, तर मुदत प्रकाशनापासून ६० वर्षं. इंटरनेटवर मात्र सही नसलेल्या प्रत्येक जुन्या चित्राला कुणीतरी ‘रविवर्मा’ नाव चिकटवून ठेवलेलं असतं. रविवर्मांच्या नावाचा छापखाना त्यांच्यानंतरही चालू होता. त्यामुळे खाली ‘रविवर्मा प्रेस’ छापलेलं असलं म्हणून चित्र रविवर्मांचंच असेल असं नाही.

मूर्ती हजार वर्षांची, पण फोटो परवाचा

कुणकेश्वरचं देऊळ कुणाच्या कॉपीराइटमध्ये नाही. पण त्याचा भरतीच्या वेळचा जो फोटो तुम्हाला आवडला, तो काढणाऱ्याचा आहे. देवस्थानाच्या संकेतस्थळावरचा फोटोही आपोआप सार्वजनिक होत नाही. सरकारी खात्याच्या पानावरचाही नाही. आपल्याकडे सरकारी प्रकाशनांवरही ६० वर्षं हक्क असतो. अमेरिकेत उलटं आहे, तिथल्या केंद्र सरकारनं स्वतः केलेलं काम साधारणपणे मोकळंच असतं. म्हणून नासानं उपग्रहातून टिपलेली कोकण किनाऱ्याची छायाचित्रं बिनधास्त वापरता येतात.

यावरचा सोपा उपाय म्हणजे स्वतः जाऊन फोटो काढणं. कायद्याचं ५२ वं कलम इथे आपल्या बाजूचं आहे: इमारतीचा, किंवा लोकांना जाता येईल अशा जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा फोटो काढून छापता येतो. त्यातला ‘कायमस्वरूपी’ हा शब्द महत्त्वाचा. पेणच्या कारखान्यातून आलेला गणपती दहा-अकरा दिवसांचा पाहुणा. त्या मूर्तीचा फोटो बातमीत येणं वेगळं आणि तुम्ही विकायच्या कॅलेंडरवर छापणं वेगळं. कॅलेंडरसाठी मूर्तिकाराला विचारा. बहुतेक वेळा तो हो म्हणतो, नाव छापा एवढंच त्याचं म्हणणं असतं. देवळाच्या भिंतीवर आजच्या चित्रकारानं रंगवलेलं चित्रही या सवलतीत बसत नाही. गाभाऱ्यात फोटो काढू नका ही पाटी मात्र कॉपीराइटची नव्हे, देवस्थानाची. ती पाळायचीच.

आपल्याकडच्या परंपरेच्या कलांचं असंच होतं. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला), सावंतवाडीची दशावतारी गंजिफा (हातानं रंगवलेले गोल पत्ते) यांना लोक ‘लोककला, म्हणजे सगळ्यांची’ समजतात. शैली सगळ्यांची आहेच. शे-दीडशे वर्षांपूर्वीची निनावी पोथी किंवा पत्तेही मोकळे. पण पिंगुळीचे परशुराम गंगावणे, ज्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, किंवा त्यांच्यासारखा आज हातात कुंचला घेऊन बसलेला कुणीही कलाकार, यांनी काढलेलं चित्र त्यांचं आहे. होमस्टेच्या भिंतीसाठी ते हवं असेल तर पिंगुळी काही लांब नाही. जाऊन विकत घ्या. आणि विकत घेतलं म्हणून त्याच्या प्रती छापून विकायचा हक्क मिळत नाही, एवढं लक्षात असू द्या.

परवाना न वाचता उतरवून घेणं

क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी), म्हणजे ठरावीक अटींवर चित्र वापरू देणारा तयार परवाना, असं लिहिलेलं दिसलं की लोक पुढचं वाचत नाहीत. पुढची अक्षरंच महत्त्वाची. ‘बाय’ (BY) म्हणजे नाव द्या. ‘एसए’ म्हणजे चित्रात बदल करून जे तयार कराल तेही त्याच परवान्यानं इतरांना द्या. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नाही. ‘एनडी’ म्हणजे बदल करून वाटायचं नाही, त्यामुळे गणपतीभोवतीची पार्श्वभूमी कापून तिथे आमदारांचा फोटो बसवणंही नाही. ‘सीसी झीरो’ असेल तर कसलीच अट नाही.

होमस्टेची जाहिरात हा धंदाच, तिथे एनसी चालणार नाही. जाहिराती घेऊन छापलेली जत्रेची स्मरणिका कुठे बसते यावर वाद घालता येईल, पण वाद घालण्यापेक्षा दुसरं चित्र घेतलेलं बरं. ब्रिटिश म्युझियमची छायाचित्रं अशीच एनसी अटीची आहेत. याउलट न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनं २०१७ मध्ये स्वतःच्या संग्रहातल्या कॉपीराइट संपलेल्या कलाकृतींची छायाचित्रं सीसी झीरोखाली खुली केली, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटनं २०१८ मध्ये आणि क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयानं २०१९ मध्ये. पहाडी शैलीतले राम-सीता, कृष्ण, जुने छापील देव, चोळकालीन कांस्यमूर्ती या संग्रहांत शोधा. शोधताना ‘ओपन अ‍ॅक्सेस’ची, म्हणजे फक्त खुली चित्रं दाखवायची, खूण लावायला विसरू नका. वसई-रेवदंड्याच्या चर्चच्या कार्यक्रमासाठी युरोपातली जुनी धार्मिक चित्रं हवी असतील तर तीही इथेच भरपूर आहेत.

विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर एनसी आणि एनडी चित्रं मुळात घेतच नाहीत, म्हणून आपल्या कामाला ती जागा सगळ्यात सोयीची. नाव मात्र द्यायचं. चित्राखाली किंवा श्रेयनामावलीत चित्रकाराचं नाव, ‘विकिमीडिया कॉमन्स’ आणि परवाना आवृत्तीसह. ऑनलाइन असेल तर दुवाही. ‘साभार: गुगल’ हे श्रेय नव्हे, उलट चित्र न विचारता घेतल्याची कबुली झाली.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे या फुकट चित्रांच्या साइटचे परवाने त्यांचे स्वतःचे आहेत. अनस्प्लॅश २०१७ मध्ये आणि पिक्साबे २०१९ मध्ये सीसी झीरोवरून बाजूला झाले. वापर फुकट, पण चित्र आहे तसंच पोस्टर म्हणून छापून विकायला मनाई. या साइटवर फुकट चित्रांच्या आसपास विकाऊ चित्रांचीही जाहिरात असते. वॉटरमार्क, म्हणजे चित्रावर उमटवलेलं पुसट नाव, दिसला की मागे फिरा.

फुकट आहे, पण चुकीचं आहे

गणपती शोधला की बालीतला दगडी गणपतीही येतो आणि थायलंडमधला सोनेरीही. शिवाय हल्ली एआयनं केलेली चित्रं ढिगानं मिसळलेली असतात. हेदवीच्या दशभुज गणपतीसाठी पत्रिका करताय आणि चित्रातल्या गणपतीला मोजून नऊ हात, तर कायदा काही म्हणणार नाही, गावकरी म्हणतील. हात, आयुधं, वाहन, सोंडेची दिशा मोजून-बघूनच छापायला द्या.

कुणीतरी दुसऱ्याचं चित्र चोरून स्वतःचं म्हणून फुकट साइटवर टाकलेलं असतं, असंही होतं. तेच चित्र आणखी कुठे आहे ते शोधून देणाऱ्या गुगल लेन्स किंवा टिनआयमध्ये चित्र टाकून बघा. तेच चित्र एखाद्या विकाऊ साइटवर सापडलं तर सोडून द्या. मिळालंच योग्य चित्र, तर परवाना दिसेल असा पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. अपलोड करणाऱ्यानं उद्या चित्र काढून टाकलं तर तुमच्याकडे दाखवायला तेवढंच असतं.

बॅनर फुटतो तेव्हा

छोटं चित्र ताणून मोठं छापलं की ते फुटतं, म्हणजे धूसर दिसतं. हे थोडक्यात. दहा फुटी बॅनरला इंचाला ४० ठिपके धरले तरी चित्र आडवं ४८०० पिक्सेल हवं. कॉमन्सवर दिसणारं छोटं चित्र सेव्ह करू नका, ‘मूळ फाइल’ उतरवा. दुकानदाराला ती व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलीत तर आकार घटतो; डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नोटीस आली तर

घाबरून लगेच पैसे भरू नका आणि दुर्लक्षही करू नका. चित्र आधी काढून टाका. मग हक्काचा पुरावा लेखी मागा, आपण जपून ठेवलेला स्क्रीनशॉट बाहेर काढा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ४.० आवृत्तीत एक सोय आहे: नाव द्यायचं राहिलं असेल आणि चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली, तर परवाना आपोआप पुन्हा लागू होतो. मधल्या काळातल्या वापराचा प्रश्न उरतो, पण पुढचा मार्ग मोकळा होतो. परवानाच नसेल तर मात्र वकील गाठा. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कायद्याच्या ६३ व्या कलमात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. आर्थिक फायद्यासाठी नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं.